उत्तर बरोबर, खूण लाल

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-वन असतो, म्हणजे मॅथ्सचा पहिला पेपर. आमच्या नाशिकच्या कॉलेजने त्याची ट्युटोरियल्स वहीतून काढून ऑनलाइन केली. त्यातल्या एका प्रश्नापायी माझं जे डोकं फिरलं, ते अजून पुरतं थंड झालेलं नाही. म्हणून लिहून टाकते. पुढच्या बॅचमधल्या कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

लॉगिनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक) टाकायचा, पासवर्ड बदलायचा, झालं. सोमवारी प्रश्नसंच उघडतो, रविवारी रात्री बंद होतो. प्रत्येक प्रश्नाला पाच प्रयत्न. उत्तर चार पर्यायांतून निवडायचं नसतं, स्वतः टाइप करायचं असतं. बरोबर आलं की हिरवी खूण, नाही तर लाल. आणि आकडे प्रत्येकाचे वेगळे. माझ्या प्रश्नात ३ असेल तर शेजारणीच्या प्रश्नात ५. त्यामुळे ग्रुपवर वहीचे फोटो फिरवणं पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. मला तर बरंच वाटलं, कारण फोटो बहुतेक वेळा माझ्याच वहीचे असायचे.

मी सिन्नरहून एसटीने येते-जाते, त्यामुळे निम्मी ट्युटोरियल्स मोबाइलवर होतात. मोबाइलवाल्यांनी एक पक्कं लक्षात ठेवा: मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडेही मराठी उमटतात, आणि ते सिस्टीमला कळत नाहीत. तसंच पीडीएफमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून उणे चिन्ह कॉपी करू नका. दिसायला सारखंच दिसतं, पण बऱ्याचदा ते वेगळंच अक्षर असतं. कीबोर्डवरचं साधं उणे चिन्ह हातानेच टाका.

आता तो प्रश्न. पार्शल डिफरन्शिएशनचा संच होता, म्हणजे एक चल स्थिर धरून दुसऱ्याच्या सापेक्ष डिफरन्शिएट करायचं. यू बरोबर एक्सचा ३वाय घात, आणि तीन रिकाम्या चौकटी: एक्सच्या सापेक्ष पार्शल, वायच्या सापेक्ष पार्शल, आणि दोन्ही एकापाठोपाठ घेऊन येणारा मिश्र. गणित सोपं आहे. पहिलं उत्तर ३वाय गुणिले एक्सचा (३वाय − १) घात. दुसरं ३ गुणिले एक्सचा ३वाय घात गुणिले लॉग एक्स. तिसरं ३ गुणिले एक्सचा (३वाय − १) घात, गुणिले कंसात १ अधिक ३वाय लॉग एक्स. एसटी मोहदरी घाट उतरेपर्यंत माझं सोडवून झालं होतं.

पहिली चौकट हिरवी. दुसरी लाल. तिसरी लाल.

इथे प्रत्येक जण आधी कंसच तपासतो, मीही तपासले. घातात ३वाय लिहायचं तर त्याभोवती कंस लागतो. नाही तर सिस्टीम फक्त ३ घातात धरते आणि वाय खाली आणून गुणते. हे मला माहीत होतं, म्हणून तर पहिली चौकट हिरवी झाली होती. गुणाकाराची फुली घालून पाहिली, फुलीऐवजी तारा घालून पाहिला, लॉगपुढे कंस घातला. प्रीव्ह्यूमध्ये उत्तर अगदी छापील पुस्तकासारखं दिसायचं. सबमिट केलं की लाल.

तासानंतर मॅथ्सच्या मॅडमना वही दाखवली. त्यांनी वहीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "वहीतलं बरोबर आहे गं. टाइप करताना काहीतरी राहिलं असेल. ब्रॅकेट बघ." म्हटलं, "मॅडम, बघितलेत. प्रीव्ह्यू पण बरोबर येतोय." त्यावर, "मग परत एकदा बघ. सिस्टीम चुकत नाही."

हे वाक्य त्यानंतर मी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते नोटीस बोर्डवर फ्रेम करून लावलं असतं तरी चाललं असतं.

उत्तर सापडलं ते दुसऱ्याच प्रश्नात. तिथे उत्तर आकड्यात होतं, लॉग २ असलेलं. सबमिट केल्यावर आपण टाइप केलेल्याची किंमत सिस्टीम शेजारच्या रकान्यात दाखवते, तिकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. मी नुसतं लॉग २ टाकून पाहिलं. रकान्यात आलं ०.३०१०३.

महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स केलेल्या कुणालाही हा आकडा झोपेतून उठवून विचारा. केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल घेऊन बसायचं, ०.३०१० आणि २.३०३ हे दोन आकडे तिथे डोळे मिटून येतात. आणि ०.३०१० हा दहा पायाचा लॉग आहे. कॅल्क्युलसमध्ये आपण जो लॉग लिहितो त्याचा पाया ई, म्हणजे नॅचरल लॉग, आणि त्या लॉग २ ची किंमत ०.६९३१. दोघांमध्ये बरोबर २.३०३ पटीचा फरक, केमिस्ट्रीत रेट कॉन्स्टंट काढताना लावतो तोच. म्हणजे मी लिहिलेला लॉग ही सिस्टीम दहा पायाचा समजत होती. नॅचरल लॉगसाठी तिला हवं होतं एलएन (ln).

बारावीच्या मॅथ्सच्या पुस्तकात, इंजिनिअरिंगच्या आपल्या पुस्तकांत, फळ्यावर मॅडमच्या अक्षरात, सगळीकडे नॅचरल लॉग म्हणजे नुसतं लॉग. एलएन लिहिलेलं मी कॅल्क्युलेटरच्या बटणावर सोडून कुठे पाहिलं नव्हतं. पण वर्गात काही जणांना हा प्रश्न पहिल्या फटक्यात हिरवा आला होता, आणि ते जवळपास सगळे कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या क्लासेसमध्ये दोन वर्षं जेईई करून आलेले. त्यांना एलएनची सवय. हिरवं कुणाचं आणि लाल कुणाचं यावरून कुणी बारावी कुठे केली ते सांगता आलं असतं. याचा राग मला त्या लाल खुणेपेक्षा जास्त आला.

तोवर माझे त्या प्रश्नाचे प्रयत्न संपले होते. एलएन टाकून हिरवं करण्याचीही सोय उरली नव्हती.

कारण कळलं की काम झालं असं वाटतं ना? इथून पुढे खरा ताप. प्रश्नाखाली शिक्षकांना मेल करायचं बटण आहे. मी व्यवस्थित मेल लिहिला, काहीच उत्तर नाही. मागाहून कळलं की ते मेल कॉलेज सोडून गेलेल्या एका सरांच्या पत्त्यावर जात होते. कॉम्प्युटर लॅबमधले सर म्हणाले, "आम्ही फक्त पासवर्ड रीसेट करतो, मार्कांचं डिपार्टमेंट बघतं." डिपार्टमेंटमध्ये म्हणे, लेखी अर्ज द्या. ऑनलाइन ट्युटोरियलच्या ऑनलाइन चुकीसाठी फुलस्केपवर अर्ज! त्यावर आधी जीएफएमची (आमच्या बॅचच्या पालक-शिक्षकांची) सही, मग विषयशिक्षकांची, मग एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची. जीएफएम सर त्या आठवड्यात कुठल्याशा इन्स्पेक्शनच्या फायलींत बुडालेले. एचओडी मीटिंगमध्ये. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर.

त्या बाकासमोर कापरेकरांचं पोस्टर आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. अर्जाच्या मागच्या बाजूला मी हेच करत बसायचे. शिपाई मामा एकदा डोकावून म्हणाले, "पोरी, साहेब आज येत नाहीत, घरी जा. शेवटची एसटी जाईल." कॉलेजात त्या काळात माझी काळजी करणारे तेवढेच.

शेवटी उपयोगी पडला तो माझा हिशेब, अर्ज नाही. आपलं उत्तर बरोबर आहे हे फक्त सांगून चालत नाही, आकडा समोर ठेवावा लागतो. एक्स बरोबर २ आणि वाय बरोबर १ घेतलं. पुस्तकातल्या लॉगने दुसरी चौकट होते १६.६३५५. दहा पायाच्या लॉगने ७.२२४७. भागाकार २.३०२६. हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहिले, खाली ०.३०१०३ चा स्क्रीनशॉट छापून लावला, आणि मॅडम स्टाफरूमच्या दारात दिसल्या तेव्हा हातात दिला. त्यांनी ओळ वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं, परत वाचली. म्हणाल्या, "हे सगळ्यांचंच झालं असणार गं." मग अर्ज बाजूला ठेवून त्यांनी स्वतः एचओडींना फोन लावला. एचओडींनी प्रश्नात दोन्ही लॉग मान्य केले, संच पुन्हा तपासायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅचमधल्या कितीतरी जणांच्या लाल खुणा हिरव्या झाल्या. वर्गात मॅडमनी जाहीर केलं की एक तांत्रिक अडचण होती, ती दूर झाली. तांत्रिक अडचण कुणी शोधली ते सांगितलं नाही. असो. संचाच्या डोक्यावर आता सूचना आहे: नॅचरल लॉगसाठी एलएन लिहावे.

ही एक ओळ पहिल्या दिवशी असती तर हा लेख लिहावा लागला नसता. कारण घोळ काही आमच्याच सिस्टीमचा नाही. कॅसिओवर लॉगचं बटण दहा पायाचं. एक्सेलमध्येही लॉग म्हणजे पाया दहा, आणि नॅचरलसाठी एलएन. पण सी भाषेत आणि पायथनमध्ये लॉग म्हणजे नॅचरल. म्हणजे सकाळी पायथनच्या प्रॅक्टिकलला जो लॉग बरोबर, तोच दुपारी ट्युटोरियलमध्ये चूक.

वैतागून मी बरंच वाचत बसले. अशा सिस्टीम जुन्या आहेत. वेबवर्क हे मोफत सॉफ्टवेअर १९९०च्या दशकात अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज आणि अरनॉल्ड पायझर यांनी सुरू केलं. त्यात लॉगचा पाया ई की दहा, हे कोर्स लावणाऱ्याला ठरवता येतं. ते उत्तराचं रूप पाहत नाही. तुमच्या आणि शिक्षकाच्या उत्तरात एक्सच्या काही यादृच्छिक किमती घालतं आणि आकडे जुळतात का ते बघतं. म्हणून कंस सोडवून लिहा किंवा तसाच ठेवा, दोन्ही चालतं. स्टॅक नावाची दुसरी सिस्टीम इंग्लंडमध्ये ख्रिस सँगविन यांनी केली. ती मॅक्सिमा या बीजगणिताच्या सॉफ्टवेअरकडून उत्तर तपासून घेते, त्यामुळे अवयव पाडलेत का, अपूर्णांक सोपा केलात का, हेही तिला विचारता येतं. आपल्याला जी मिळाली ती यातल्या कुठल्या जातीची आहे हे पहिल्याच आठवड्यात मॅडमना विचारून घ्या. अर्धी भांडणं वाचतील.

राहिलेलं सुचेल तसं सांगते. एक तृतीयांश असेल तर १/३ लिहा, ०.३३ नको, तेवढा फरक सिस्टीम पकडते. साइनचा वर्ग करताना साइन एक्स कंसात घेऊन मग वर्ग टाका, पुस्तकातल्यासारखा साइनला चिकटवू नका. साइन इन्व्हर्ससाठी उणे एक घात कधीच नाही, आर्कसाइन लिहा. प्रीव्ह्यू दाबल्याने उत्तर जमा होत नाही, आमच्यातले कितीतरी जण तिथेच फसले. संचाची पीडीएफ निघत असेल तर सोमवारीच काढा, वहीत सोडवा आणि टाइप करायला शेवटी बसा. रविवारी रात्री बसू नका, सगळं कॉलेज तेव्हाच बसतं आणि पान उघडता उघडत नाही. आणि शेवटचा एक प्रयत्न नेहमी शिल्लक ठेवा. दोनदा लाल आलं आणि वहीतलं बरोबर असेल, तर थांबा आणि आकडे घालून बघा.

अर्ज करायची वेळ आलीच, तर त्यात "गुण द्यावेत" असं लिहू नका, "प्रश्न पुन्हा तपासावा" असं लिहा. पहिलं वाचलं की ऑफिस तो अर्ज परीक्षा विभागाकडे पाठवून देतं. माझा पहिला अर्ज तिकडेच गेलाय, अजून परत आलेला नाही.