तीस मिलीचा कप

माझ्या ओपीडीच्या टेबलावर प्लास्टिकच्या छोट्या कपांची चळत असते, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला टोपणासारखा लावलेला असतो तसल्या. वजनाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या प्रत्येकाला मी त्यातला एक पाण्याने भरून देते. ३० मिली, पंधरा मिनिटांत संपवायचं, घोट घोट. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस असेच जातात. बहुतेक जण दोन घोटांत कप रिकामा करतात आणि "कळलं मॅडम" म्हणतात. कळलेलं काही नसतं.

सांगलीकडच्या त्या ताईंनी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खरंच सुरुवात केली.

वय ४४, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४९. मधुमेह, ब्लडप्रेशर, गुडघे. बावीस वर्षं खानावळ चालवतात. विम्याच्या अटींत ४० च्या वरचा बीएमआय बसतो, त्यामुळे कागदोपत्री सगळं जुळलेलं. शेजारणीचं स्लीव्ह झालंय, म्हणून यांनाही स्लीव्हच हवं. त्यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात, उरते एक बारीक नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. एकदा कापलेलं मात्र परत जोडता येत नाही.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याचं म्हणणं एकच, "तोंड आवरायचं सोडून पोट कापायला निघाली." आत मुलगा होता, त्याने वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं विचारलं. टिर्झेपटाईड २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हापासून दर दुसरा माणूस विचारतो. वजन उतरतं, चांगलं उतरतं; पण बंद केलं की बहुतेकांचं बरंचसं परत येतं, आणि दर महिन्याचा खर्च आहेच. ताईंनी त्याला गप्प केलं. त्यांना वेगळं विचारायचं होतं.

"मॅडम, हजारात एखाद-दुसरा जातो म्हणता. तो मीच असले तर?"

यावर आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: धोका साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकाच. खोटं नाही ते, पण मला कधी आवडलेलं नाही. पित्ताशयासाठी माणूस कळवळत येतो. इथे तो स्वतःच्या पायांनी जिना चढून येतो, दमत का होईना. मी म्हटलं, "तसं झालं तर टक्केवारीचा तुमच्या घराला काही उपयोग नाही. पण आहे तसं राहण्यातही धोका आहे, तोही बघू." मग टाक्यांच्या रेषेतून गळती, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं, दोन-चार महिन्यांनी केस गळणं, पित्ताचे खडे, सगळं एकेक करून सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मधून मधून घोट घेत होत्या.

सातव्या-आठव्या मिनिटाला त्यांना ढेकर आला. त्यांनी सहज पर्स उघडली, ईनोची पुडी काढली आणि मुलाला म्हणाल्या, "बाटली दे रे."

"रोज घेता?"

"दोन लागतात. रात्री घशाशी येतं, उशा तीन घ्यायच्या."

मी फाइल उघडली. "अ‍ॅसिडिटी: नाही." अक्षर माझंच होतं. पहिल्या भेटीत बाहेर रांग होती, मी भराभर विचारत गेले होते.

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"तुम्ही आजार विचारलासा. हे काय आजार हाय व्हय? खानावळीत कुणाला नसतंय!"

ज्याला आधीच असं वर येतं, त्याचं स्लीव्हनंतर बरेचदा वाढतं. अशा वेळी सर्जन जठराच्या बायपासकडे वळतात, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. एंडोस्कोपी होणारच होती, पण ती ठेवली होती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. म्हणजे अ‍ॅडमिट होऊन, उपाशीपोटी, तासाभरात या बाईंनी नवा निर्णय घ्यायचा.

फाइलचं बाकीचं पानही माझ्याच अक्षरात होतं, तेव्हा नवऱ्याला आत बोलावलं. झोपेबद्दल पुन्हा विचारलं. "घोरतात का?"

तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "घोरणं मधेच थांबतं. मी आकडे मोजतो. वीसच्या पुढं गेलं की हलवतो."

"किती दिवस?"

"तीन-चार वर्षं झाली असतील."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना हे माहीतच नव्हतं. कपात थोडं पाणी उरलं होतं, ते तसंच राहिलं.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीत हे निघालंच असतं, ती पुढच्या आठवड्यात होती. पण आता तारीखच पुढे गेली. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा दिसल्या, जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. झोपेच्या तपासणीत तासाला ५२ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या वर गेलं की आम्ही तीव्र म्हणतो. सर्जननी बायपास सुचवलं, आणि त्याआधी काही आठवडे रोज रात्री श्वासाचं मशीन. बायपासला बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. त्यावर ताई म्हणाल्या, "गोळ्या आत्ता बी पाच हायेत."

अडलं भलतीकडेच. "मी चाखायचं कसं?" दीडशे ताटांचा स्वयंपाक, दिवसभर पळी तळहातावर. मी म्हटलं, जिभेवर ठेवायचं आणि थुंकायचं. वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच कळलं की चुकलं.

"अन्न थुकायचं? चुलीपुढं?"

त्या उठल्या. हो नाही, नाहीही नाही. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, की जाऊबाईंना शिकवते. त्यांच्या हाताला मीठ बसलं की तारीख सांगते. मला वाटलं, गेल्या. अशी तारीख मागणारे पुष्कळ पाहिलेत, परत येत नाहीत.

दोन महिन्यांनी फोन आला, नवऱ्याचा. मशीन लावतात, साखर थोडी खाली आहे, आणि तो स्वतः आता रात्रभर झोपतो. मग फोन ताईंनी घेतला.

"आमटी जमली, मॅडम. तांबडा बी जमला. पांढऱ्या रश्शाला अजून हात बसंना तिचा. दिवाळीच्या फराळाचं उरकलं की या, असं डॉक्टरांना सांगून ठेवा."

मी म्हटलं, "यायचं तुम्ही आहे."

"तेच की," त्या म्हणाल्या, आणि मागे कुणावर तरी ओरडल्या, नारळाचं दूध फाटतंय म्हणून.