भुसावळ ते नवापूर : डिसेंबरातला एक आठवडा

नातेवाईक, फौजी मंडळी आणि चर्च ही तिन्ही कामं खान्देशात एकाच फेरीत उरकायची असतील तर 16 डिसेंबरला भुसावळला असावं आणि नाताळाआधीच्या रविवारी नवापूरकडे. मधले दिवस मुद्दाम मोकळे ठेवावेत, ते भरायला आपल्याला काही करावं लागत नाही. सगळा मार्ग भुसावळ-सुरत लोहमार्गावरचा. धुळ्याची पाहुणेमंडळी मात्र या रुळांवर येत नाहीत, त्यांच्यासाठी अमळनेरला उतरून एसटी धरायची.

16 ला विजय दिवस. 1971 साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. कार्यक्रम फौजी वेळेनं चालतो, नऊ म्हणजे पावणेनऊ. स्वतःची पदकं छातीच्या डाव्या बाजूला, आणि वीरनारी, म्हणजे शहीद जवानाची पत्नी, पतीची पदकं लावून येते तेव्हा ती उजव्या बाजूला. घरातून निघताना हे कुणी सांगत नाही, मग ऐन वेळी पिना काढून बदलाबदल होते. पदकं सुटी न लावता एका पट्टीवर ओवून आणावीत, सुट्या पिनांनी कोटाचं कापड फाटतं. पुष्पचक्राच्या तिवईचे पाय वाऱ्याला तोंड करून रोवावेत, नाहीतर मौन चालू असतानाच ते आडवं होतं.

खरं काम होतं दुसऱ्या दिवशी शेतात, भरिताच्या बेताला. कार्यालयात जे चार चकरांत सुटत नाही ते तिथं सुटतं, कारण सगळे जुने जवान एकाच बांधावर बसलेले असतात आणि प्रत्येकाचा मोबाइल खिशात असतो. निमंत्रण देतानाच सांगावं की डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं सेवापुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पत्नीचं आधार आणि पॅन घेऊन या. पत्नीचं नाव चारही ठिकाणी जुळवून पाहायचं. डिस्चार्ज बुकात ‘सुमनबाई’ आणि आधारावर ‘सुमन’ असलं की कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं, आणि तेही तेव्हा, जेव्हा सही करायला जवान उरलेला नसतो. दुरुस्ती फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत, तो हयात असतानाच करून घ्यावी.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला राहून गेलेला एक तरी गडी भेटतोच. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही. अशा वेळी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही अ‍ॅप टाकून चेहऱ्यावरून दाखला काढावा. तोंड उजेडाकडे, पाठ झाडाकडे, टोपी-चष्मा खाली. पेन्शन देणाऱ्याच्या रकान्यात ‘स्पर्श’, म्हणजे फौजी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था, निवडायचं. जुन्या सवयीनं बँक निवडली की दाखला निघतो, पण भलतीकडे जातो.

तोवर वांगी भाजून होतात. भरिताची वांगी हिरवट, मोठी, हातात हलकी लागणारी घ्यावीत. आकाराच्या मानानं जड वांगं म्हणजे आत बियाच. माणशी पाव किलो धरलं की कमी पडत नाही. सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचून कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची. टोचलं नाही तर वांगं फुटतं आणि राख आत जाते. हिरव्या मिरच्या त्याच आचेवर, किलोला मूठभर. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, आधी मिरची, लसूण, मीठ ठेचायचं, मग वांगी. कांद्याची पात वाढायच्या आधी घालायची, लवकर घातली तर पाणी सुटतं. सोबत कळण्याची भाकरी : चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद आणि मीठ एकत्र दळलेलं. गॅसवरच्या भरिताबद्दल मी इथं काही लिहीत नाही.

शुक्रवारी गाडी धरून चिंचपाड्याला उतरावं. मिशनचं जुनं रुग्णालय इथलंच. नाताळगीतांची फेरी अंधार पडल्यावर निघते. एका रात्री आठ-दहा घरं पुष्कळ झाली, कारण प्रत्येक घरी चहा होतो आणि तो नाकारता येत नाही. थंडीत दव पडलं की ढोलकीचं चामडं सैल पडतं, म्हणून प्रत्येक शेकोटीशी ती शेकून घेतात. पेटीचा सूर हलत नाही. गिटारवाल्यानंच तो पेटीवरून लावून घ्यावा. पोरांना हे तिसऱ्या घरी कळतं. गाणी मराठीत असतात, मावची या इथल्या आदिवासी बोलीतही, आणि मावचीतली सुरू झाली की म्हाताऱ्यासुद्धा पाय थिरकवतात.

आगमनकाळातल्या चौथ्या रविवारच्या उपासनेला जरा लवकर जावं, मागच्या सतरंज्या आधी भरतात. चपला बाहेर, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. अर्पणासाठी सुटे पैसे खिशात असू द्यावेत, पाळकांकडे मोड मागणं बरं दिसत नाही. उपासनेनंतर ‘जय ख्रिस्त’ म्हणत हात मिळवायला तासभर लागतो. परतीची गाडी त्या हिशेबानं ठरवावी.

ती नवापूरहून धरा. स्टेशन दोन राज्यांत विभागलेलं आहे : तिकीट महाराष्ट्रात मिळतं आणि स्टेशनमास्तर गुजरातेत बसतो. गाडी लेट असली तर तेवढं विचारायला सीमा ओलांडावी लागते.