नागाने कात टाकली तो शनिवार

सुट्टीतल्या पाहुण्यांना कात्रजच्या सर्पोद्यानात न्यायचं तर मी सकाळची वेळ धरतो. बुधवारी बंद असतं, आणि मे महिन्यात ऊन चढलं की साप गारव्याला मडक्यात नाहीतर दगडाखाली शिरतात. मग लोक म्हणतात, "काय हो, कात्रजचा घाट दाखवलात!"

त्या शनिवारी नाग समोरच होता, खडबडीत दगडावर तोंड घासत. "काका, त्याला खाज सुटलीय?" सोलापूरहून मामाकडे आलेल्या पोराने विचारलं. जवळजवळ तसंच. आठवड्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ निळसर होते, तेव्हा एक आजी "मोतीबिंदू हो बिचाऱ्याला" म्हणून हळहळल्या होत्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. जुन्या-नव्या कातडीच्या मधे द्राव भरला की तो धूसर होतो. नीट दिसत नाही म्हणून साप चिडका होतो, बहुधा खातही नाही. पुढे डोळे निवळतात आणि बघणाऱ्याला वाटतं, बरा झाला. कात पडते ती त्यानंतर काही दिवसांनी.

ओठांची कड सुटली. नाग दगड आणि फांदीच्या बेचक्यातून पुढे सरकत गेला, कात मोज्यासारखी उलटी होत मागे राहिली. वीसेक मिनिटं लागली. मधेच कुणीतरी काचेवर टकटक केली. तो हादरा सापाला थेट अंगात जाणवतो. नागाने लगेच फणा काढला.

कात सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधल्या घड्या उलगडतात. लोक लांबी बघतात. बघायचे असतात डोळ्यांवरचे दोन पापुद्रे आणि शेपटीचं टोक. पापुद्रा डोळ्यावरच राहिला तर चिमट्याने ओढायचा नाही, खालचा नवा खवला दुखावतो. ओलं गोणपाट घातलेल्या पेटीत सापाला ठेवायचं, मऊ पडून बहुतेकदा आपोआप निघतो. शेपटीला राहिलेलं कडं मात्र वाळून आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक झडतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जास्त, म्हणून अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं हवंच.

कर्मचाऱ्याने आकड्याने नागाला पेटीत सरकवलं, झाकण लावलं, मगच आत हात घातला. कात उजेडात धरली. टोक शाबूत होतं. पोराने काचेला नाक लावून पापुद्रे मोजले.

"दोन आहेत, काका."