लांबलेल्या हिवाळ्यात सोलंग आणि बीर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात उकाडा जाणवू लागला होता, आणि त्याच सुमारास मनालीत पुन्हा बर्फ पडत असल्याचे कळले. आम्हा दोघी बहिणींचा आधी हिमाचलातल्या बीरला पॅराग्लायडिंग आणि मग मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंग असा बेत होता. उपवन तलावाच्या काठी बसून आम्ही तो क्रम उलटा केला. या दिवसांत जाणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा असे मला वाटते, कारण ज्या पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी-बर्फाळ हवेमुळे) उतारांवर ताजा बर्फ पडतो, त्याच्याचमुळे ढग आणि वारा यांत उड्डाणे खोळंबतात. बर्फ आहे तोवर स्कीइंग उरकावे आणि आकाश निवळण्याची वाट बीरमध्ये पाहावी.

कल्याणहून राजधानीने दिल्लीचे हजरत निजामुद्दीन स्थानक, तेथून काश्मिरी गेटचा बसतळ आणि रात्रीच्या बसने मनाली, असा आम्ही प्रवास केला. सोलंग मनालीपासून सुमारे १३ किलोमीटरवर, जवळपास २,५०० मीटर उंचीवर आहे. जाड कपडे व बूट वाटेवरच्या दुकानांत भाड्याने मिळतात, त्यामुळे ते ठाण्याहून नेण्याची गरज नाही. हातमोजे आणि काळा चष्मा मात्र स्वतःचा असावा. ताज्या बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना फार त्रास देते.

स्कीइंग शिकताना पहिला दिवस सपाटीवर चालण्यात, पडण्यात आणि पुन्हा उठण्यात जातो, आणि तो तसाच जाऊ द्यावा. वेग आवरण्यासाठी स्कीची पुढची टोके जवळ आणि टाचा दूर ठेवायच्या, नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर रेलायच्या, हे ऐकायला सोपे आहे. पण घाबरल्यावर माणूस मागे झुकतो आणि ताबा तिथेच सुटतो. थंडी वाजू नये म्हणून मी दोन मोजे घातले होते, त्याने बूट आवळला जाऊन पाय उलट जास्त गारठले. एकच लोकरी मोजा पुरतो. लांबलेल्या हिवाळ्याचा बर्फ सकाळी रात्रीच्या गोठणीमुळे घट्ट असतो, दुपारी मात्र ओला आणि जड होतो. त्यात स्की रुतली की गुडघा पिरगळण्याची भीती असते. म्हणून आम्ही साडेआठला सुरुवात करून बारापर्यंत थांबत असू. निघण्यापूर्वी महिनाभर ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरचढावर चाललो होतो, त्याचा मांड्यांना खरा उपयोग झाला.

सोलंगलाच उड्डाण करण्याचा आग्रह एका माणसाने केला. वारा झोतांनी येत होता, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी विंडसॉक सतत दिशा बदलत होते, म्हणून आम्ही नकार दिला आणि मंडीमार्गे बीर गाठले. तेथे दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी धौलाधारची डोंगररांग पांढरीशुभ्र उघडी पडली, आणि आम्ही जीपने सुमारे १४ किलोमीटरचा घाटरस्ता चढून उड्डाणाच्या जागी, बिलिंगला पोहोचलो. बिलिंग सुमारे २,४०० मीटरवर, तर उतरण्याची जागा साधारण हजार मीटर खाली आहे. पायलटचा परवाना, हेल्मेट आणि राखीव पॅराशूट आहे का, हे न संकोचता विचारावे. पायलट मागे असतो. तो सांगेपर्यंत धावत राहावे, पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वी बसू नये. बीरमध्ये ऊन असले तरी वर बोटे बधिर होतात, म्हणून लोकरी हातमोजे आणि कानटोपी जवळ असावी. वर गेल्यावर बर्फाळ कडे आणि खालचे हिरवे चहाचे मळे एकाच नजरेत मावतात, आणि पंधरा-वीस मिनिटे कशी सरतात ते कळत नाही. पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, हिमाचलात पॅराग्लायडिंग बंद असते.

परतीचे आरक्षण ठरवलेल्या उड्डाणानंतर किमान दोन दिवसांनी करावे. आम्ही तसे केले होते, म्हणूनच बीरमधली ती तिसरी सकाळ आम्हाला मिळाली.