तुम्ही विचारलंत म्हणून: फराळाचे पैसे कुणाला?

डबा हातात पडला की पहिला प्रश्न चकलीबद्दल असतो आणि दुसरा हा: "काकू, यंदा पैसे कुणाला? आणि हे ठरवता कसं?" ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर दिवाळीला मी इंदूरला राजेंद्र नगरातल्या घरी फराळाच्या ऑर्डरी घेते. सियागंजाच्या बाजारातून आणलेलं सामान, गॅस आणि मदतीच्या दोघींची मजुरी वजा केली की जे उरतं ते एका संस्थेला जातं. काही वर्षं झाली. चकलीचं उत्तर सोपं आहे, भाजणी मंद आचेवर भाजा. दुसरं मात्र दारात उभ्याने सांगून होत नाही.

पहिल्या वर्षी मी फसले. म्हणजे कुणी लुबाडलं असं नाही, मीच फोटो बघून भुलले. मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि पुड्याचं तोंड कॅमेऱ्याकडे. चेक दिला. पावती यायला मार्च उजाडला, तीही पाच-सहा फोन केल्यावर. माझ्या एका मैत्रिणीने त्याच संस्थेला वेगळे पाच हजार दिले होते. तिच्या सीएने पावती बघून सांगितलं, यांच्या ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करात सूट मिळवून देणाऱ्या नोंदणीची, मुदत कधीच संपलीय. २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्याने नोंदणी करावी लागली आणि ती कायमची न राहता मुदतीची झाली, हे मला तेव्हा कळलं. मैत्रीण काही बोलली नाही, पण पुढची दोन वर्षं तिने करंज्या दुसरीकडून घेतल्या.

तेव्हापासून कागद आधी बघते. नोंदणी चालू आहे का, ते आयकर खात्याच्या साइटवर दिसतं. आणि एक गोष्ट गिऱ्हाइकांना मीच स्पष्ट सांगते: तुम्ही डबा विकत घेतलात, ती खरेदी झाली, देणगी नव्हे. संस्थेची पावती माझ्या नावाने येते. करात सूट हवी असेल तर थेट संस्थेला द्या आणि रोख देऊ नका, कारण २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरतच नाहीत. नवीन कर पद्धत घेतली असेल तर हा प्रश्नच मिटला, सूटच नाही.

पण कागद चोख असले म्हणजे संस्था चांगली, असंही नाही. म्हणून गौरी-गणपती उरकले की मी स्वतः जाऊन येते. दुपारी बारा-साडेबाराला, आधी न कळवता. स्कूटरवर जाता येईल एवढ्याच अंतरावर. त्यामुळे लांबच्या एका चांगल्या गोशाळेला मी आजवर काही दिलेलं नाही. अन्याय आहे, मान्य.

एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आसपास एक लहान स्वयंपाकघर चालतं. झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडून पेशंट येतात, सोबतच्या माणसांना तिथे जेवण मिळतं. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा एक बाई कणीक मोजून घेत होती आणि भिंतीला टेकून उभं राहून, आखलेल्या वहीत आकडा लिहीत होती. वही मागितली तर लगेच दिली. पिठाचे हात लागून पानांच्या कडा कडक झाल्या होत्या. रोज किती जेवले, किती डाळ लागली, सगळं होतं. दोन तारखांपुढे लिहिलं होतं, "गैस खत्म, बाहर से पूड़ी". असं काही लिहिलेलं दिसलं की मला बरं वाटतं. सगळंच छान असलेली वही मी मिटून परत देते.

मग माझा एकच प्रश्न असतो: चाळीसेक हजार मिळाले तर काय कराल? बहुतेक ठिकाणी फ्रिज, ब्लँकेट किंवा दारावर नावाची पाटी. इथल्या व्यवस्थापकांनी थोडं अडखळत सांगितलं, "काकीजी, कंबल मत दीजिए, रखने की जगह नहीं है. रात वाली दीदी की तनख्वाह तीन महीने से इधर-उधर से दे रहा हूँ." माझं तिथेच ठरलं.

जाऊबाईंना हे पटलेलं नाही. पगाराला पैसे देणं हे दान कसलं, म्हणतात. मी त्यांना अहिल्याबाईंचं सांगते. त्यांनी दौलतीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून नाही, स्वतःच्या खासगीतून दान केलं, हे इंदूरचं लहान पोरही सांगेल. पण घाट-देवळं बांधून त्या थांबल्या नाहीत, पुढच्या खर्चाला वर्षासनं, म्हणजे दरसालच्या ठरावीक रकमाही लावून दिल्या. दिवा लावणाऱ्यालाही पोट असतं ना! जाऊबाई म्हणतात, तू काय अहिल्याबाई आहेस का? नाही. म्हणूनच पाच ठिकाणी आठ-आठ हजार वाटत बसत नाही.

यंदाही पैसे तिथेच जातील, रात्रीच्या बाईच्याच पगाराला. सलग दुसऱ्या वर्षी तीच संस्था का, असं दोघी-तिघींनी विचारलं. कारण तिला पगार यंदाही लागतो. अनारशांची ऑर्डर मात्र आठ दिवस आधी द्या. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात आणि या वेळी शंभराच्या वर करणार नाही, गुडघे दुखतात.