मेमरीचा सातबारा

लिनक्स सुरू होताना सरसर वर सरकणाऱ्या ओळींपैकी अगदी सुरुवातीच्या ओळी मेमरीच्या असतात आणि त्या मी सातबारा वाचावा तशा वाचतो: कोणता तुकडा कोणाच्या ताब्यात, वहिवाटीखाली किती आणि पोटखराबा किती. मध्यंतरी क्यूईएमयूला, म्हणजे संगणकात दुसरा आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅमला, १२८ मेगाबाइट मेमरी देऊन एक जुना ३२-बिट कर्नल (लिनक्सचा गाभा) चालवला, तेव्हा खाली ‘लोमेम’समोर, म्हणजे कर्नलला थेट हाताळता येणाऱ्या मेमरीसमोर, १२७ मेगाबाइट दिसले. हा एक कुठे गेला, हे शोधायला वरच्या ओळींकडे परतावे लागले.

कर्नल मेमरी स्वतः मोजत बसत नाही, तर बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो. बायोसच्या ई-८२० या सेवेला केलेल्या प्रत्येक हाकेला एकच नोंद मिळते. तिच्या २० बाइटमध्ये तुकड्याची सुरुवात, लांबी आणि प्रकार एवढेच असते, आणि पुढच्या नोंदीचा क्रमांक शून्य येईपर्यंत हे विचारणे चालू राहते. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे त्या सरकणाऱ्या ओळींच्या नोंदीत, शून्यापासून ६३९ किलोबाइटपर्यंत ‘युजेबल’ होते, पुढचा एक किलोबाइट बायोसच्या स्वतःच्या माहितीसाठी ‘रिझर्व्ह्ड’, आणि ६४० ते ९६० किलोबाइट या पट्ट्याचा यादीत उल्लेखच नव्हता. उल्लेख नाही म्हणजे जागा मोकळी आहे असे नव्हे. १९८१ च्या आयबीएम पीसीने एक मेगाबाइटमधला वरचा भाग पडदा आणि रॉमसाठी बाजूला काढला, त्याची ही खूण आजही तशीच आहे.

‘लोमेम’ची ओळ मात्र दुसऱ्या, आभासी पत्त्यांच्या (कर्नल स्वतः वापरतो त्या, प्रत्यक्ष मेमरीहून वेगळ्या पत्त्यांच्या) तक्त्यातली. फिक्समॅप, व्हीमॅलॉक, लोमेम हे वेगवेगळ्या कामांचे पट्टे आणि खाली कर्नलच्या स्वतःच्या कोडचा पत्ता असा तो तक्ता शिकणाऱ्याला फार उपयोगी पडे, कारण प्रोग्रॅमना तीन गिगाबाइट आणि कर्नलला एक ही पत्त्यांची वाटणी पुस्तकाऐवजी प्रत्यक्ष आकड्यांत दिसे. पण २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीत, हल्लेखोराला ठिकाण कळू नये म्हणून कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसवण्याची सोय आल्यावर तोच पत्ता लॉगमध्ये छापणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवण्यासारखे होते. एक्स-८६ या प्रोसेसर-घराण्याच्या ३२-बिट कर्नलमधून हा तक्ता २०२० साली काढला गेला. मला हळहळ वाटली, तरी निर्णय योग्यच होता. शिवाय हे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत ना, हे तपासणाऱ्या ओळी कोडमध्ये तशाच ठेवल्या गेल्या.

राहिला तो एक मेगाबाइट. मेमरीच्या अगदी शेवटचे १२८ किलोबाइट बायोसने स्वतःकडे राखले होते, त्यामुळे उरले १२७.८७५ मेगाबाइट, आणि छापताना कर्नलने अपूर्णांक सरळ टाकून दिला. हरवले होते ते एवढे १२८ किलोबाइटच.