पदरमोड करून पहारा

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या पोटऱ्या आधी दुखायला लागतात. पहाटेची एसटी, पाठीवर सॅक, अर्ध्या वाटेत संपलेलं पाणी, वर पोचल्यावर वाऱ्याने गार झालेलं पिठलं, आणि 'तो बघा, तो समोर दिसतोय ना, तो राजगड' असं भलत्याच डोंगराकडे बोट करून सांगणारा एक जाणकार. किल्ल्यावर जायचं ते दमायला, हा आपला पिढीजात समज. म्हणून ज्या किल्ल्याच्या दरवाज्याशी गाडी थांबते, कुणीतरी पुढे होऊन बॅग उचलतं आणि हातात सरबताचा ग्लास देतं, तिथे मला जरा संकोचल्यासारखंच झालं. इतिहास असा फुकटात मिळायची सवय नाही. अर्थात फुकट काही नव्हतं, ते बिलात कळलंच.

तर तेरेखोलचा किल्ला. तेरेखोल नदीच्या दक्षिणेला केरी, पेडणे आणि मग सगळा गोवा. उत्तरेला रेडी, शिरोडा, म्हणजे आपला सिंधुदुर्ग. आणि त्याच उत्तर काठावर, नदी समुद्राला मिळते तिथे, टेकाडावरचा एवढासा तुकडा मात्र गोव्याचा. रेडीकडून येताना एमएच 07 च्या गाड्या बघत बघत आपण कधी गोव्यात शिरतो ते समजत नाही. समजतं ते मेन्यूकार्डावरच्या बिअरच्या भावावरून.

ह्याचं कारण 1746. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला त्या वर्षी नोव्हेंबरात पोर्तुगीजांनी घेतला, आणि एकदा घेतला तो सोडलाच नाही. आत चर्च उभं केलं, 1764 मध्ये किल्ल्याची डागडुजी केली. पुढे गोवा मुक्त झाला, केंद्रशासित झाला, 1987 मध्ये राज्य झाला. प्रत्येक वेळी हा नदीपलीकडचा तुकडा निमूटपणे त्याच्यामागून गेला. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईमुळे आज बिअर स्वस्त मिळते, ह्याबद्दल आमच्यातल्या एका इतिहासप्रेमी माणसाने मनापासून समाधान व्यक्त केलं. हा इतिहासप्रेमी म्हणजे माझा नवरा. एरवी त्याला इतिहासातलं पानिपत तेवढं माहीत, तेही जुगाराच्या संदर्भात.

किल्ल्यातल्या जुन्या खोल्यांचं हॉटेल केलेलं. आम्ही गेलो तेव्हा सातच खोल्या होत्या आणि त्यांना नंबर नव्हते, वारांची नावं होती. सोमवार ते रविवार. परगावच्या पाहुण्यांना ह्याची मोठी गंमत वाटत असणार, आम्हाला काय त्याचं? मी वाढले पुण्याच्या शनिवार पेठेत, शाळा सदाशिवात, मामा शुक्रवारात, आणि लग्नाचं कार्यालय नारायणात. वारात राहणं ही पुणेकराला काही नवलाई नाही. आम्हाला मिळाला बुधवार. रात्री दादाचा फोन आला, "पोचलात का, कुठे उतरलात?" मी सरळ सांगितलं, "बुधवारात." पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं रेंज गेली. मग तो सावधपणे म्हणाला, "दगडूशेठजवळ कुठे?"

कपाट लावून झालं, पलंगावर पडून झालं, बाथरूमचे नळ तपासून झाले. आणि मग तो प्रश्न आला, जो आपल्यासारख्या माणसांना कुठल्याही निवांत जागी तासाभरात येतो: आता करायचं काय? ह्या किल्ल्यात बघण्यासारखं फारसं नाही, हे मी प्रेमाने सांगतेय. एक फेरी मारायला वेळ लागत नाही. अंगण बरंचसं चर्चनेच व्यापलेलं, सेंट अँथनीचं, बाहेरून पांढरं स्वच्छ आणि बहुतेक वेळ बंद. तटावर चढायच्या पायऱ्या. तटाच्या चिऱ्यावर हात टेकला की तळव्याला जांभ्याची लाल भुकटी लागते, आणि चिऱ्याच्या भोकाभोकांतून मुंग्यांची आपली रहदारी चालू. ही मुंग्यांची वसाहत सावंतांच्या वेळची की फिरंग्यांच्या, कोण जाणे. त्यांना सत्तांतराचा फरक पडल्याचं दिसत नव्हतं.

म्हणून आम्ही तटावर खुर्च्या मांडून बसलो. समोर समुद्र, डाव्या हाताला नदीचं मुख, पलीकडे केरीचा किनारा आणि त्यावरची सुरूची काळपट रांग. आणि बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की ही जागा बांधलीच मुळी ह्यासाठी आहे. सावंतांचा शिलेदार असो नाहीतर पोर्तुगालच्या राजाचा सोल्जर, त्याचं इथलं काम काय? समुद्राकडे बघत बसणं. गलबत दिसतंय का, कुणाचं दिसतंय, नदीत शिरतंय का पुढे चाललंय, एवढंच. लढाया होतात कधीमधी, बाकीची वर्षंच्या वर्षं नुसतं बघणं. त्या बघण्याचा त्याला पगार मिळायचा, वेळेवर मिळत असेलच असं नाही, आणि तरी तो कंटाळून घरच्या आठवणी काढत असणार. लिस्बनहून आलेला तर जास्तच. तेच काम आम्ही चांगले पैसे मोजून, सुट्टी टाकून, रिझर्व्हेशन करून करायला आलो होतो. वर आम्हाला त्यात समाधान!

पुण्यात मी समुद्राचं चित्र बघत असेन तर कुणीही येऊन म्हणेल, "रिकामी आहेस ना, मग जरा ह्या शेंगा सोल." इथे कुणी म्हणत नाही. जागेलाच नुसतं बसण्याची परवानगी आहे, तीही तीन-साडेतीनशे वर्षांची. सात दिवसांच्या नावाच्या खोल्यांमध्ये राहूनही आज कुठला वार हे मला दुसऱ्या सकाळी वेटरला विचारावं लागलं.

नवऱ्याने पहारा माझ्यापेक्षा मनावर घेतला. त्याला गलबतं मिळेनात, म्हणून त्याने फेरीबोट धरली. केरी आणि तेरेखोलच्या मधे ही सपाट तळाची बोट दिवसभर ये-जा करते. मला वाटलं होतं फेरी म्हणजे फेरी, त्यात बघायचं काय. पण वरून बघताना ते एक पुरं नाटकच असतं. बोट धक्क्याशी येते, पुढचा लोखंडी फाळका साखळीवर खाली येतो आणि सिमेंटवर खरखरतो. तो पुरता टेकायच्या आधीच स्कूटरवाल्यांनी स्कूटरी चालू केलेल्या असतात. त्या धूर सोडत सुटतात, मग माणसं, मग एखादी मोटार दबकत दबकत. सगळ्यात शेवटी एक बाई, डोक्यावर माशांची पाटी, अजिबात घाई नाही. तिच्यासाठी बोट थांबते. मग उलट्या क्रमाने तेच. नवरा घड्याळ बघून सांगायचा, "सुटली. चार मिनिटं लेट." कुणाला सांगायचा? कुणालाच नाही, पण पहारेकऱ्याने वर्दी द्यायची असते.

भरती-ओहोटीचंही त्याचं गणित बसलं. पाणी उतरलं की मुखाशी वाळूचा पट्टा वर येतो, नदीचं मातकट पाणी आणि समुद्राचं निळं ह्यांच्यामधली रेघ सरकते आणि फेरीवाल्याला वाट वाकडी करावी लागते. फार उतरलं तर बोट बंदच. सकाळी लवकर उठलं तर पलीकडे रापण ओढणारी माणसंही दिसायची, दोन टोकांना दोन रांगा, मागे मागे सरकणाऱ्या. जाळ्यात काय आलं ते एवढ्या लांबून दिसायचं नाही. ते आम्हाला जेवणाच्या ताटात कळायचं. एके दुपारी तिसऱ्यांचं सुकं होतं, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं तर बाकीचा लेख राहून जाईल.

एका गोष्टीपाशी मात्र हातातला चहाचा कप खाली ठेवावासा वाटतो. ह्या किल्ल्याची सगळी तोंडं समुद्राकडे आणि नदीकडे, आणि 1947 नंतर भारताची हद्द पाठीमागे, चालत जाण्याच्या अंतरावर. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड अफोन्सो आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही ह्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी वर तिरंगा लावला. पकडले गेले, तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर इथे हुतात्मा झाले. गोवा मुक्त व्हायला अजून सहा वर्षं होती. किल्ल्यात त्यांचं स्मारक आहे. नवरा तिथे बराच वेळ उभा होता. पनवेलला त्यांच्या नावाची पाटी त्याने शंभरदा पाहिली असेल, एसटी बदलताना. ते गुरुजी इतक्या दूर, इथे येऊन गेले, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. परत खुर्चीत येऊन बसल्यावर त्याने दोन फेऱ्या सुटलेल्या सांगितल्या नाहीत.

निवांतपणाची एक अडचण असते. त्याची सवय लागते तोवर निघायची वेळ होते. आधी वाटत होतं हे दिवस जाणार कसे, जायची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, बुधवार कधी रिकामा करताय?" आणि मी म्हटलं, "शुक्रवारी." तो मुलगा हसला नाही. ही उत्तरं तो रोज ऐकत असणार. तिथल्या वहीत 'सोमवार रविवारी रिकामा, रविवार मंगळवारी आला' अशा नोंदी असतील, आणि त्या वाचून एखादा भावी इतिहाससंशोधक डोकं आपटून घेईल.

शुक्रवारी सकाळी सामान खाली आलं. आम्हाला पलीकडे केरीला उतरून म्हापशाला जायचं होतं. गाडीवाला म्हणाला, फेरीने दहा मिनिटांत पलीकडे. नवरा तटाच्या पायऱ्या उतरून आला आणि म्हणाला, "फेरी नाही मिळायची. पाणी खूप उतरलंय, वाळू वर आलीये. आता दीड-दोन तास बोट हलत नाही. रेडीवरून, आरोंद्यावरून फिरून जा." म्हणजे गोव्यातून गोव्यात जायला महाराष्ट्रातून वळसा. गाडीवाल्याचा विश्वास बसेना. पुण्याचा माणूस ह्याला ओहोटी शिकवणार? तो खाली धक्क्यापर्यंत जाऊन आला. बोट पलीकडच्या काठाला बांधून ठेवलेली, फेरीवाले सावलीत बसलेले.

बॅगा डिकीत चढवणारे रेडीचे एक वयस्कर गृहस्थ हे सगळं ऐकत होते. ते नवऱ्याला म्हणाले, "सायबानू, तुमी हयच ऱ्हवा आता. पगार काय गावचो नाय, पण मासो गावतलो रोज."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी गाडीचं दार उघडून आत बसले.